लग्नाची बायको आणि सरकारचा हुकूम



आपल्या शेजारच्या घरातील सुनेस तीन दिवसांत देशाबाहेर जावयाचा हुकूम सुटला, तर आपण काय कराल? हा प्रश्न आम्ही खानदेशातील काही बौद्ध कुटुंबांपुढे ठेवला. बहुतेकांचे उत्तर एकच होते. "सरकारने ठरविले आहे, त्यात आपला काय संबंध? आपल्यात कोणी पाकिस्तानची सून केलेली नाही." हे उत्तर प्रामाणिक आहे, पण बरोबर नाही. ते का बरोबर नाही, हे सांगण्यासाठी आजचा लेख लिहिला आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मिरात पहलगाम येथे २६ निरपराध माणसे दहशतवाद्यांनी ठार मारली. त्यानंतर दोनच दिवसांनी भारत सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केल्याचे जाहीर केले. औषधोपचारासाठी आलेल्यांस २९ एप्रिलपर्यंत मुदत मिळाली. अटारीची सीमा बंद करण्याचे ठरले, आणि राज्याराज्यांतील पोलिसांनी आपापल्या नोंदवह्या काढून मोजणी आरंभिली. महाराष्ट्रात ज्या ठिकाणी अशी माणसे पुष्कळ आढळली, त्यांत नागपूर व ठाणे यांच्या बरोबरीने आपल्या जळगावचे नाव वृत्तपत्रांतून वारंवार आले. जिल्ह्याचा आकडा तीनशेहून अधिक सांगितला गेला.

जळगावात एवढे पाकिस्तानी नागरिक कोठून आले, असा अचंबा ज्यांस वाटला त्यांनी सिंधी कॉलनी आठवावी. फाळणीनंतर सिंधहून निर्वासित झालेली कुटुंबे जळगाव व धुळे येथे येऊन वसली. त्यांचे जे भाऊबंद त्या वेळी मागे राहिले, त्यांच्यापैकी काही पुढील दशकांत थोडे थोडे करून इकडे आले. दीर्घ मुदतीच्या व्हिशावर ते राहतात, दुकान चालवितात, लेकरांस शाळेत घालतात आणि नागरिकत्वाच्या कागदाची वाट पाहतात. फाळणीने ज्यांचे नातलग दोन्ही बाजूंस विभागले गेले, अशी मुसलमान कुटुंबेही देशभर आहेत. त्यांच्यात आतेमामे नात्यांत सोयरिकी होत राहिल्या. नकाशावर रेघ ओढली म्हणजे सोयरीक तुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांच्या हाती दीर्घ मुदतीचा व्हिसा होता, त्यांस या हुकुमातून वगळले होते. त्यामुळे जळगावातील बहुतेकांचा जीव भांड्यात पडला. परंतु व्हिसा हाती असणे वेगळे आणि त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज कचेरीत पडून असणे वेगळे. जम्मूत कित्येक वर्षे संसार केलेल्या, भारतीय पतीच्या बायका केवळ अर्ज प्रलंबित आहे म्हणून अटारीच्या गाडीत बसविल्या गेल्या. सीमेवर तर याहून विपरीत दृश्य दिसले. माहेर भारतात, सासर पाकिस्तानात, अशा बायका लेकरांसह माहेरी आल्या होत्या. लेकरांचे पासपोर्ट पाकिस्तानचे, आईचा भारताचा. लेकरांनी जावे, आईने जाऊ नये! आईच्या कमरेस बिलगलेल्या पोरास पासपोर्टचा रंग कोणी समजावून सांगावयाचा?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या लिहिण्याचा विपर्यास होईल. पहलगामच्या मारेकऱ्यांविषयी आमच्या मनात तिळमात्र सहानुभूती नाही. राष्ट्राच्या रक्षणाचा सरकारचा अधिकार आम्ही मान्य करतो. संशयिताची चौकशी करावी, दोषी आढळल्यास त्यास कठोर शिक्षा द्यावी. पण चौकशी व्यक्तीची होते, यादीची होत नाही. वीस वर्षे भाकरी थापणाऱ्या, येथेच बाळंत झालेल्या, येथेच म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईस "तुझा काय अपराध?" हे न विचारताच घालवून देणे ही शिक्षा आहे. आणि ती एकटीला नव्हे, तर या देशाचा नागरिक असलेल्या तिच्या नवऱ्यास व मुलांसही शिक्षा आहे.

आता आपला संबंध. बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील अपमानांच्या आठवणी एका लहानशा लिखाणात नोंदविल्या आणि त्यास नाव दिले 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. कधी विचार केला आहे काय, की ज्या माणसाने हा देश सोडून जाण्याचे कधी मनात आणले नाही, त्याने या आठवणींस व्हिशाचे नाव का दिले असेल? त्या लिखाणात आपल्या खानदेशचाच एक प्रसंग आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद या नात्याने बाबासाहेब इकडे आले होते. चाळीसगावास उतरून धुळ्याच्या लोहमार्गावरील एका गावी बहिष्काराची चौकशी करण्यास ते गेले व परत चाळीसगावी आले. महारवाडा स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, पण टांगेवाल्यांपैकी एकही त्यांस बसवून टांगा हाकण्यास तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. वस्तीतील एका नवशिक्याने लगाम धरला, पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. चाळीसगाव ते महारवाडा या दहा मिनिटांच्या वाटेसाठीसुद्धा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता!

त्याच लिखाणातील बडोद्याचा प्रसंग तर सरळ हद्दपारीचाच आहे. विलायतेहून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत १९१७ साली रुजू झाले, आणि राहावयास जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन एका पारशी उतारगृहात राहिले. दहा-अकरा दिवसांनी हातांत काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. सायंकाळपर्यंत चालते व्हा, हा हुकूम. मित्रांची दारे ठोठावली, ती उघडली नाहीत. बागेत बसून दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस निघाले. वाचकहो, ज्यांच्या वडीलधाऱ्यांच्या वाट्यास हा "सायंकाळपर्यंत" आला, त्यांनी दुसऱ्यास मिळालेला "तीन दिवसांत" ऐकून टाळ्या पिटाव्यात काय? आमच्या वस्त्यांतही काही तरुणांनी टाळ्या पिटल्या, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहावे लागते.

आणखी एक जुनी गोष्ट. १९४७ च्या अखेरीस कराचीतील आपले दलित बांधव भारतात येऊ इच्छीत होते. पण पाकिस्तान सरकार त्यांस येऊ देईना. रस्ते झाडावयाचे कोणी, हा त्या सरकारपुढचा प्रश्न! अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली त्यांस रोखून धरले गेले. बाबासाहेबांनी त्या डिसेंबरात पंतप्रधान नेहरूंस पत्र लिहून या लोकांस आणण्याची व्यवस्था करावी अशी मागणी केली. म्हणजे एका सरकारने माणसास झाडू म्हणून ठेवून घ्यावे, आणि दुसऱ्या सरकारने माणसास केर म्हणून बाहेर टाकावे. दोन्ही ठिकाणी माणसाची इच्छा, माणसाचे घर, माणसाचे नाते यांची किंमत शून्य. सीमेच्या अलीकडचे असो वा पलीकडचे, ही वृत्ती एकच.

कायदा काय म्हणतो? नागरिकत्वाची कलमे संविधान सभेपुढे १० ऑगस्ट १९४९ रोजी बाबासाहेबांनीच मांडली. मसुदा समितीस या कलमाइतकी डोकेदुखी एखाद्याच कलमाने दिली असेल, अशी कबुली त्यांनी तेव्हा दिली होती. फाळणीने लाखो माणसे इकडची तिकडे झालेली, त्यांचा निवाडा करावयाचा होता. पण त्याच संविधानात त्यांनी एक भेद मोठ्या काळजीने राखला आहे, तो आपण ध्यानात धरावा. भाषणाचे, संचाराचे, देशात कोठेही वस्ती करण्याचे स्वातंत्र्य कलम १९ प्रमाणे 'नागरिकास' आहे. परंतु कलम १४ मधील कायद्यापुढील समानता आणि कलम २१ मधील जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण हे 'कोणत्याही व्यक्तीस' आहे. व्यक्ती म्हणजे परदेशीसुद्धा. व्यक्ती म्हणजे ज्याचा व्हिसा संपला आहे तोसुद्धा.

न्यायालयांनी हा भेद दोन्ही बाजूंनी चालविला आहे. परदेशी माणसास बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ निरंकुश आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली हान्स म्युलर खटल्यात सांगितले. १९९१ साली लुई डी रेड्ट खटल्यात पुन्हा सांगितले, की परदेशी माणसाचा मूलभूत हक्क कलम २१ पुरता, येथे वस्ती करण्याचा हक्क त्यास नाही. हे निकाल आपल्या बाजूचे नाहीत, ते लपविण्यात अर्थ नाही. पण १९९६ साली त्याच न्यायालयाने जो निकाल दिला तो प्रत्येक बौद्ध घरात माहीत असावयास हवा, कारण तो चकमांविषयी आहे आणि चकमा हे बौद्ध आहेत. पूर्व पाकिस्तानात चितगावच्या डोंगराळ मुलखात काप्ताईचे धरण झाले, त्यांची शेते बुडाली. १९६४ पासून ते भारतात आले आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात त्यांस वसविले गेले. तीस वर्षांनी, १९९४ साली, तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांस राज्य सोडून जाण्याच्या नोटिसा बजावल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक मनुष्याच्या जीविताचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे, आणि चकमांस जबरदस्तीने हुसकावता येणार नाही. आज आपण शेजारच्या सुनेसाठी जे मागत आहो, ते याच निकालाने आपल्या धम्मबांधवांस मिळाले आहे.

कोणी म्हणेल, आपणांस आता काय भीती? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, जैन, पारशी व ख्रिस्ती यांच्याबरोबर बौद्धांचेही नाव आहे. आहे खरे. पण यादीत नाव असल्याचा आनंद आम्हांस होत नाही. ज्या हक्कासाठी धर्माचे नाव पाहावे लागते तो हक्क राहत नाही, ती मेहेरबानी होते. आज यादीत आहो, उद्या यादी बदलली तर? शिवाय सत्य असे आहे, की खानदेशातील सामान्य बौद्धास त्या यादीचा काडीचा उपयोग नाही. त्याची अडचण निराळी आहे. त्याच्या आजोबांच्या नावावर जमीन नव्हती, आजीच्या जन्माची नोंद कोणी केली नाही. शाळेच्या दाखल्यावर जुन्या जातीचे नाव एक, दीक्षेनंतर घेतलेले आडनाव दुसरे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या आसपास पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांस बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि नंतर ते भारतीयच असल्याचे निघाल्यावर परत आणावे लागले. परदेशी नसल्याचे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, भार तेथेच राहिला. गरिबाच्या ट्रंकेत कागद किती असतात, हे आम्ही आपणांस सांगावयास नको.

आता स्त्रीच्या बाजूने पाहू, कारण या प्रश्नाचा गाभा तेथे आहे. १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा झाला तेव्हा भारतीयाशी विवाह केलेल्या स्त्रीस नोंदणीने नागरिक होता येत असे. त्यात वर्षांची अट नव्हती. परदेशी पतीस मात्र ती सवलत नव्हती. १९८६ साली पती-पत्नी दोघांनाही ती लागू झाली, पण पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. सात वर्षे हे फक्त अर्ज करण्याचे वय! निकाल त्यानंतर केव्हा तरी. पाकिस्तान व बांगलादेश सोडून इतर देशांतील पत्नीस, लग्नाची नोंद होऊन दोन वर्षे झाल्यावर, परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळू शकते, पण विवाह मोडला की कार्डही जाते.

याचा अर्थ काय होतो? जोपर्यंत कागद हाती नाही तोपर्यंत त्या बाईचे येथील अस्तित्व नवऱ्याच्या मर्जीवर टांगलेले असते. अर्जावर त्याची सही हवी, त्याचे कागद हवेत, त्याने कचेरीत यावयास हवे. तो दारूडा निघाला, मारहाण करू लागला, दुसरी घेऊन आला, तर तक्रार कोणाकडे करावयाची? "फार बोललीस तर परत पाठवीन," हे एक वाक्य तिचे तोंड बंद करण्यास पुरेसे आहे. जो पती हे वाक्य उच्चारतो तो सरकारचा हुकूम आपल्या खिशात घालून फिरतो. ज्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांनी ही गुलामगिरी घरगुती बाब म्हणून डोळ्यांआड करावी, हे शोभत नाही.

मुलांचे तर अधिकच बिकट. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलास जन्माने नागरिकत्व मिळावयाचे, तर आईबाप दोघे नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. मुदत संपलेल्या व्हिशावर राहणारा कायद्याच्या दृष्टीने बेकायदा स्थलांतरित. म्हणजे बाळंतपणाच्या दिवशी आईचा व्हिसा संपलेला असला, तर बाप पिढ्यान्पिढ्या खानदेशचा असूनही लेकरू परके ठरू शकते. व्हिशाची तारीख चुकविण्याचा दंड असा पाळण्यापर्यंत पोहोचतो.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये निकाल दिला, की परदेशी जोडीदारास देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क तेथील नागरिकास नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांस घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांच्या हातांत बेड्या व पायांत साखळदंड घातल्याचे कळले तेव्हा आपल्या देशात केवढा संताप उसळला! तो संताप योग्य होता. पण अमृतसरपासून अटारी किती लांब आहे? तासाभराचीही वाट नाही. अमृतसरला जे आपणांस अमानुष वाटले, ते अटारीला आपोआप न्याय्य कसे झाले?

आमचे म्हणणे एवढेच, की भारतीय नागरिकाचा जोडीदार जर उघडपणे, पोलिसांत नोंद करून, येथे संसार करीत असेल, तर सरसकट हुकुमाने त्यास हलवू नये. त्याच्याविरुद्ध काही असेल तर ते लेखी द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि निकालाविरुद्ध दाद मागण्यास वेळ द्यावा. अर्ज सरकारच्याच टेबलावर पडून असेल, तर विलंबाची शिक्षा अर्जदारास देऊ नये. हे अशक्य नाही. काश्मीरमधील एका कुटुंबाच्या कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत त्यास घालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२५ रोजी सांगितलेच. जम्मूत सुमारे चार दशके राहिलेल्या एका गृहिणीस पाकिस्तानात पाठविल्यावर, तिला परत आणा असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने ६ जून २०२५ रोजी दिला, आणि पुढे केंद्र सरकारने तिला व्हिसा देण्याची तयारी दाखविली. जे न्यायालयात गेल्यावर मिळाले ते आधी का मिळू नये? न्यायालयात जाण्यास प्रत्येकीजवळ पैसा व धैर्य कोठून असणार?

आता थोडे कामाचे. आपली मुले थायलंड, श्रीलंका, जपान येथे शिकावयास जातात, आखाती देशांत नोकरीस जातात. उद्या आपल्या घरातही परदेशी सून वा जावई येईल. बौद्ध पद्धतीने झालेल्या लग्नाचा बौद्धाचार्यांनी दिलेला दाखला जपून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. निबंधकाकडे नोंद करून घ्या. परदेशी जोडीदाराशी लग्न करावयाचे असल्यास १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग उत्तम, मात्र त्यात तीस दिवसांची नोटीस लागते हे ध्यानात धरून तारीख काढा. मुलाची जन्मनोंद त्याच महिन्यात करा. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारे अधिकारी असतात. व्हिशाच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नका. संगणकावर अर्ज भरला असेल तर त्याचा कागद काढून घ्या. दलालास पैसे देऊन निश्चिंत झालेल्यांची घरे आम्ही उद्ध्वस्त झालेली पाहिली आहेत.

आणि नोटीस आलीच तर रात्रीतून पळून जाण्याचा सल्ला देणाऱ्यास दारात उभे करू नका. पळाल्याने संशय पक्का होतो. जळगाव व धुळे या दोन्ही जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीस तेथे विनामूल्य वकील मिळतो. तेथे 'भारतीय स्त्री' असे लिहिलेले नाही, 'स्त्री' असे लिहिले आहे. उच्च न्यायालयात जावे लागले तर आपले दोन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली येतात. जाताना विवाहनोंद, मुलांचे जन्मदाखले, जुने सर्व व्हिसे आणि त्या अर्जाची पोच बरोबर न्या. आणि शेजारची ती बाई एकटी निघाली असेल, तर आपल्यापैकी कोणीतरी तिच्याबरोबर गाडीत बसा.